मागील बाकी

मी सोलापुरात अक्कलकोट रोडवरच्या एका टॉवेलच्या कारखान्यात हिशेब लिहितो. सत्तावीस वर्षं झाली. आधी लाल कापडी बांधणीच्या वह्या होत्या, आता सगळं संगणकावर आहे. एक ओळ मात्र तेव्हाही होती आणि आजही आहे. सूत देणाऱ्याचं खातं असो की माल नेणाऱ्या व्यापाऱ्याचं, नव्या वर्षाचं पान उघडलं की सगळ्यात वर मागील बाकी येते. गेल्या वर्षाअखेर काय देणं राहिलं, काय येणं राहिलं, ते आधी. यंदाची खरेदी-विक्री त्याच्या खाली. आमचे शेठ पान हातात घेतात तेव्हा त्यांची नजर पहिल्यांदा त्या ओळीवर जाते. ती नसेल तर खालचे आकडे कितीही बरोबर असोत, ते पान परत टाकतात.

३१ जानेवारी २०२५ ला संसदेच्या दोन्ही सभागृहांपुढं राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांचं अभिभाषण झालं, ते मी पूर्ण ऐकलं. त्या दिवशी आमच्या पेठेत पाणी यायचं होतं, म्हणून सकाळी घरीच थांबलो होतो. मोबाइल खिडकीत ठेवला आणि पिंप, घागरी, बादल्या भरता भरता ऐकत राहिलो. ८० कोटी गरजूंना रेशन, १२ कोटी शौचालयं, १० कोटी मोफत गॅसजोडण्या, २५ कोटी लोक गरिबीतून बाहेर, आणखी ३ कोटी कुटुंबांना घरं. यातलं बरंच माझ्या आजूबाजूला मी पाहिलंय. आमच्याच गल्लीत गॅसची शेगडी पहिल्यांदा पेटली तेव्हा त्या घरातल्या बाईंनी शेजाऱ्यांना बोलावून चहा दिला होता. त्यामुळं हे आकडे ऐकून नाक मुरडणाऱ्यांतला मी नाही. पण भाषण संपलं तेव्हा हिशेबनीस म्हणून मला एकच गोष्ट खटकली. एवढ्या लांबलचक पानावर मागील बाकी नव्हती. आधीच्या अभिभाषणांत जे सांगितलं होतं त्याचं काय झालं, ते कुठं लिहिलेलंच नव्हतं.

म्हणून मी तेव्हा काही बोललो नाही. अभिभाषणावरची प्रतिक्रिया त्याच संध्याकाळी देण्याची घाई सगळ्यांना असते. सत्ताधाऱ्यांना ते दूरदर्शी वाटतं, विरोधकांना पोकळ. दोन्ही मतं भाषणाआधीच ठरलेली असतात. मी एक वर्ष थांबायचं ठरवलं. आता २०२६ चा जानेवारी आलाय, थोड्याच दिवसांत राष्ट्रपती पुन्हा उभ्या राहतील. तेव्हा गेल्या वर्षीच्या भाषणाबद्दल बोलायला हीच वेळ बरी.

सोलापूरकराला ही सवय जानेवारीच लावतो. १२ तारखेला चार हुतात्म्यांचं स्मरण होतं. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी दिलं गेलं. मग सिद्धेश्वरांची यात्रा, नंदीध्वजांची मिरवणूक, संमती कट्ट्यावर अक्षता, होम मैदानावर होमप्रदीपन, आणि मग रात्री भाकणूक. दिवसभर उपाशी ठेवलेल्या वासरापुढं धान्य, गूळ, बोरं, गाजरं, विड्याची पानं मांडतात. वासरू कशाला तोंड लावतं, कशाचा नुसता वास घेतं, बिथरतं की शांत राहतं, यावरून यात्रेचे मानकरी हिरेहब्बू येत्या वर्षाचं सांगतात. पाऊस कसा होईल, कशाचे भाव चढतील-उतरतील. तुमची श्रद्धा असो वा नसो, तिथं उभ्या असलेल्या शेतकऱ्यांचं बोलणं ऐका. त्यांना गेल्या साली वासरू कसं वागलं ते आठवत असतं, त्याच्या आदल्या सालीचंही आठवत असतं. तेव्हा काय सांगितलं आणि पुढं काय घडलं, याची तुलना गर्दीतच चालू असते. सांगणाऱ्यालाही ठाऊक असतं, की पुढच्या जानेवारीत याच लोकांसमोर पुन्हा उभं राहायचंय.

वर्षातून एकदा, ठरलेल्या वेळी, सगळ्यांसमोर बोलणं याला अर्थ येतो तो यामुळं. ऐकणारा लक्षात ठेवतो आणि बोलणाऱ्याला ते माहीत असतं.

आता संविधान काय म्हणतं ते पाहू. अनुच्छेद ८७ नुसार प्रत्येक सार्वत्रिक निवडणुकीनंतरच्या पहिल्या अधिवेशनाच्या आणि दरवर्षीच्या पहिल्या अधिवेशनाच्या सुरुवातीला राष्ट्रपती दोन्ही सभागृहांना एकत्र संबोधित करतात आणि संसदेला का बोलावलं आहे, त्याची कारणं सांगतात. मूळ संविधानात तर हे प्रत्येक अधिवेशनाला करायचं होतं. १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीनं ते वर्षाच्या पहिल्या अधिवेशनापुरतं आणलं. शब्द बघा: संसद बोलावण्याची कारणं. पूर्ण झालेल्या कामांची यादी वाचा, असं तिथं लिहिलेलं नाही. लोकांच्या प्रतिनिधींना बोलावलंय, तर देशापुढं आज कोणते प्रश्न उभे आहेत ज्यांच्यासाठी त्यांनी बसून विचार करायचा, ते सांगा, एवढंच तिथं म्हटलंय. याच अनुच्छेदाचा दुसरा भाग सांगतो, की अभिभाषणातल्या विषयांवर चर्चेसाठी वेळ राखून ठेवण्याची तरतूद सभागृहांच्या नियमांत करावी लागेल. म्हणजे भाषण झालं आणि संपलं, असं संविधानाला अभिप्रेतच नाही. त्यावर उलटून बोललं जावं, ही सोय त्यातच करून ठेवलीय.

भाषणातले शब्द राष्ट्रपतींचे नसतात, हे सगळ्यांना माहीत असतं, तरी मला ते दरवर्षी नव्यानं टोचतं. सरकार लिहितं, मंत्रिमंडळ मंजूर करतं, राष्ट्रपती वाचतात. 'माझं सरकार' म्हणतात आणि सरकारचं कौतुक सरकारच्याच शब्दांत करतात. राज्यांत हेच राज्यपालांना करावं लागतं. आपल्या गावचे सुशीलकुमार शिंदे आंध्र प्रदेशचे राज्यपाल होते तेव्हा त्यांच्यापुढंही तिथल्या सरकारनं लिहिलेलाच कागद आला असणार. ही पद्धत संसदीय लोकशाहीची आहे, तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. निवडून आलेल्या सरकारनंच धोरण सांगावं, हे योग्यच आहे.

पण त्याच राष्ट्रपती स्वतःच्या मनातलं बोलल्या तेव्हा काय झालं, तेही आठवतं. २६ नोव्हेंबर २०२२, संविधान दिन, सर्वोच्च न्यायालयाचा कार्यक्रम. लिहून आणलेलं इंग्रजी भाषण बाजूला ठेवून मुर्मूजी हिंदीतून बोलायला लागल्या. किरकोळ गुन्ह्यांत वर्षानुवर्षं तुरुंगात पडून राहिलेल्यांबद्दल बोलल्या. सोडवायला जायचं तर घरदार विकावं लागेल या भीतीनं ज्यांचे नातेवाईक कोर्टाची पायरी चढत नाहीत, त्या माणसांबद्दल बोलल्या. तुरुंग वाढवण्याची गरज का पडावी, हेही त्यांनी विचारलं. समोर न्यायाधीश होते, कायदामंत्री होते. तीनच दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाच्या एका खंडपीठानं जामीन मिळूनही आत राहिलेल्या कैद्यांची माहिती देशभरातल्या तुरुंगांकडून मागवली. ओडिशातल्या उपरबेडा गावातून आलेल्या, पाटबंधारे खात्यात कारकुनी केलेल्या, शाळेत शिकवलेल्या बाई त्या दिवशी बोलत होत्या. आकडा एकही नव्हता, आणि काम झालं. कारण त्यांनी न झालेल्या कामाकडं बोट दाखवलं होतं. संसद बोलावण्याचं कारण म्हणतात ते हेच, फक्त त्या दिवशी ते न्यायालयात सांगितलं गेलं.

मागील बाकी न लिहिण्याची रीत या सरकारनं सुरू केली, असंही नाही. आपल्या जळगावच्या प्रतिभाताई पाटील राष्ट्रपती होत्या तेव्हा, ४ जून २००९ च्या अभिभाषणात, राजीव आवास योजनेतून पाच वर्षांत देश झोपडपट्टीमुक्त करण्याची गोष्ट होती. महिला आरक्षणाचं विधेयक लवकर मंजूर करण्यासाठी शंभर दिवसांत पावलं उचलू, असंही होतं. पाच वर्षं २०१४ मध्ये संपली. सोलापुरात कुठल्याही दिशेनं स्टेशनाबाहेर चालत निघा, झोपडपट्टी लागतेच. महिला आरक्षण राज्यसभेत २०१० मध्ये मंजूर होऊन पडून राहिलं आणि घटनादुरुस्ती झाली ती २०२३ मध्ये, दुसऱ्या सरकारच्या हातून. मग ९ जून २०१४ चं प्रणव मुखर्जींचं अभिभाषण. त्यात एक वाक्य होतं, ते मी तेव्हा वर्तमानपत्रातून कापून ठेवलं होतं: स्वातंत्र्याला पंचाहत्तर वर्षं होतील तोवर प्रत्येक कुटुंबाला पक्कं घर असेल, त्यात नळ असेल, शौचालय असेल, चोवीस तास वीज असेल आणि तिथवर जायला रस्ता असेल. किती सुंदर वाक्य आहे. असं वाक्य ज्यानं लिहिलं त्यानं गरिबाचं घर आतून पाहिलेलं असणार, असं मला तेव्हा वाटलं होतं, आजही वाटतं. पंचाहत्तर वर्षं २०२२ मध्ये झाली. त्यानंतरच्या जानेवारींत घरांचे आकडे आले, नळांचे आले, विजेचेही आले. पण ते वाक्य समोर ठेवून, इतकं झालं, इतकं राहिलं आणि या कारणानं राहिलं, असं कुणी सांगितल्याचं माझ्या कानावर आलं नाही.

गेल्या वर्षीच्या भाषणात जल जीवन मिशनचं नाव होतं. १५ ऑगस्ट २०१९ ला लाल किल्ल्यावरून ही योजना जाहीर झाली तेव्हा ग्रामीण भागातल्या प्रत्येक घरी नळ पोचवायची मुदत २०२४ ठरली होती. मोठं काम झालं, हे मी मान्य करतो. तेव्हा दर सहा घरांत एकाच्या आसपास नळ होता, तो बहुतेक घरांपर्यंत गेला. पण मुदत २०२८ पर्यंत वाढवल्याचं कळलं ते अभिभाषणाच्या दुसऱ्या दिवशी, अर्थमंत्र्यांच्या भाषणातून. तिथं तर आता कामाचा दर्जा आणि देखभाल यांकडं लक्ष देणार, असंही म्हटलं गेलं. म्हणजे सरकारला ठाऊक होतं, की नळ बसवणं सोपं आणि त्यातून पाणी आणणं अवघड. हे एक वाक्य आदल्या दिवशी राष्ट्रपतींच्या तोंडी घातलं असतं तर काय बिघडलं असतं? उलट, जिथं नळाला तोटी आहे आणि पाणी नाही अशा गावातल्या माणसाला वाटलं असतं, की दिल्लीत कुणाला तरी माझं ठाऊक आहे.

पाण्याचं मी जरा जास्त बोलणार, कारण सोलापूरकराला पाण्याबद्दल थोडक्यात बोलता येत नाही. आमचं शहर गावांच्या योजनेत बसत नाही, शहरांसाठी अमृत योजना आहे. आम्हाला पाणी तीन ठिकाणांहून येतं. उजनीहून शंभरेक किलोमीटरच्या जलवाहिनीनं, भीमेच्या पात्रातलं औजच्या बंधाऱ्यात अडवून टाकळीहून, आणि हिप्परग्याच्या तलावातून. उजनी हे राज्यातल्या मोठ्या धरणांपैकी एक. एकूण साठा ११७ टीएमसीच्या (अब्ज घनफुटांच्या) घरात, पण त्यातलं निम्म्याहून जास्त मृतसाठ्यात, म्हणजे तळाशी, सहज सोडता न येणारं. म्हणूनच आमच्याकडं 'उजनी मायनसमध्ये गेली' हे वाक्य चहाच्या टपरीवर सहज बोललं जातं. २०२४ च्या उन्हाळ्यात ती उणे पन्नास टक्क्यांच्याही खाली गेली होती. शहराला पाणी द्यायचं म्हणून धरणातून नदीत सोडायचं, आणि ते कोरड्या वाळूत मुरत, वाटेतल्या मोटारींनी उपसलं जात औजला पोचेपर्यंत किती उरतं, हे नदीकाठच्या कुणालाही विचारा. म्हणून उजनीहून थेट दुसरी, समांतर जलवाहिनी. स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत सोलापूरचं नाव आलं ते जानेवारी २०१६ मध्ये. त्या दिवशी आमच्या कारखान्यात पेढे वाटले होते. ते मिशन ३१ मार्च २०२५ ला संपलं. रस्ते झाले, होम मैदान झालं, दिवे झाले. नळाला मात्र अजूनही रोज पाणी येत नाही. आमच्याकडं लग्नाची तारीख काढताना मुहूर्ताच्या बरोबरीनं पाण्याचा दिवस बघतात. मुलीला स्थळ बघताना 'घरी बोअर आहे का' असं विचारतात. चौथ्या-पाचव्या दिवशी पाणी येणार, तेही रात्री अकराला की पहाटे तीनला हे नक्की नाही, म्हणून ज्या घरातली बाई त्या रात्री झोपतच नाही, त्या घरात नळजोडणी आहे. देशाच्या यादीत ते घर 'झालं' या रकान्यात आहे.

माझं म्हणणं इथं येऊन ठेपतं. जोडणी मोजणं आणि पाणी मोजणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपल्या राष्ट्रपतींकडून दरवर्षी पहिलीच वाचून घेतली जाते. किती घरांत रोज पाणी आलं, किती तास आलं, ते मोजता येतं.

सोलापूरजवळच्या कुंभारीच्या घरांबद्दल मला वेगळं बोलायचंय, कारण तिथं आनंद आहे. ९ जानेवारी २०१९ ला पंतप्रधानांनी तिथल्या रे नगर वसाहतीच्या ३० हजार घरांचा पाया घातला आणि १९ जानेवारी २०२४ ला त्यातल्या १५ हजार घरांच्या चाव्या स्वतः येऊन दिल्या. त्या दिवशी बोलताना त्यांचा गळा दाटून आला होता, ते सगळ्या देशानं पाहिलं. यंत्रमागावरचे, विड्या वळणाऱ्या, कचरा वेचणाऱ्या, रिक्षा चालवणाऱ्या माणसांची ती घरं. आमच्या कारखान्यातल्या दोघांना मिळाली. त्यातला एक मला छतावर नेऊन चारी बाजू दाखवत होता, जणू राजवाडा. त्याच्या डोळ्यांतला तो भाव मी कुठल्याही आकड्याला देणार नाही.

पण या घरांची मागची पानं आहेत. त्याच कुंभारीत विडी कामगार बायकांची गोदुताई परुळेकर वसाहत आधी उभी राहिली, दहा हजार घरांची, आणि २००६ मध्ये तेव्हाचे पंतप्रधान मनमोहनसिंग तिच्यासाठी सोलापूरला आले होते. त्याच्याही मागं कामगार नेते आडम मास्तरांबरोबर वर्षानुवर्षं उन्हात मोर्च्याला गेलेल्या बायका आहेत. पोराला काखेत घेऊन, त्या दिवशीची मजुरी बुडवून गेलेल्या. त्यांनी आपल्या वाट्याचे पैसेही भरले. अभिभाषणात हे सगळं एका क्रियापदात मावतं: दिलं. घरं दिली, गॅस दिला, पाणी दिलं. मला हे क्रियापद आवडत नाही. वहीत 'दिलं' लिहायचं तर समोर 'घेतलं' कुणी आणि आधी भरलं कुणी, हेही लिहावं लागतं; लोकांचा कर, लोकांचा हिस्सा, लोकांनी केलेली मागणी. आणि मागील बाकी म्हणून हेही: उरलेल्या घरांचं काय, तिथून कामावर जायला बस किती, शाळा किती वर्गांपर्यंत, दवाखाना केव्हा उघडा असतो.

विडी हा शब्द राष्ट्रपतींच्या अभिभाषणात मी कधी ऐकला नाही. आमच्या पूर्व भागात हजारो घरं त्यावर चालली, तेलंगणातून मागावर काम करायला आलेल्या कुटुंबांतल्या बायकांनी दारात सूप घेऊन बसून संसार ओढले. हजार विड्यांवर मजुरी, त्यातल्या खराब म्हणून काढल्या त्या गेल्या. १९६६ च्या कायद्यानं त्यांना कामगार म्हणून ओळख दिली, १९७६ च्या कायद्यांनी विडीवर उपकर बसवून त्यांच्यासाठी कल्याण निधी उभा केला. त्यातून दवाखाने चालले, पोरांना शिष्यवृत्त्या मिळाल्या, घरांना मदत झाली. जीएसटी येताना, २०१७ मध्ये, तो उपकर गेला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आणि १९६६ चा कायदाही त्यांत विलीन झाला. या वर्षीच्या भाषणात या संहितांचा उल्लेख अभिमानानं होईल, असं मला वाटतं. होऊ दे. आमच्या शेजारच्या अक्का, आयुष्यभर विड्या वळून ज्यांची बोटं आता सरळ होत नाहीत, मला परवा म्हणाल्या, "सगळं खरं असंल ओ भाऊ, पण आमचं ते कार्ड आता कुठं चालतंय, एवढं कोणतरी सांगा की." एका अभिभाषणातलं एक वाक्य एवढ्यासाठी खर्ची पडायला काय हरकत आहे? जुन्या कायद्यानं जे मिळत होतं त्यातलं काय राहिलं, काय गेलं, आणि गेलं त्याच्या जागी काय आलं.

विमानाचं थोडक्यात सांगतो. छोट्या शहरांना विमानानं जोडणारी उडान योजना २०१६ ची. होटगी रोडच्या विमानतळाचं उद्घाटन सप्टेंबर २०२४ मध्ये झालं आणि गोव्याला पहिलं विमान उडालं जून २०२५ मध्ये. त्यासाठी जून २०२३ मध्ये सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी पाडावी लागली, तिच्याबरोबर गावात दोन तट पडले. मी विमानात बसलेलो नाही, पण ते आकाशातून जाताना दिसलं की बरं वाटतं. तुळजापूरमार्गे धाराशिवच्या रेल्वेची घोषणा पंतप्रधानांनी २०१९ मध्येच इथं केली होती. देवीला चालत जाणारे अजून चालतच जातात.

यावर लोक काय म्हणतील ते मला माहीत आहे, कारण हे मी ज्यांना ज्यांना बोलून दाखवलं त्यांनी ते म्हटलंच. पहिलं म्हणजे, एवढ्या मोठ्या देशाच्या भाषणात सोलापूर कुठून येणार? सातशेहून जास्त जिल्हे आहेत. खरं आहे, आणि भाषणात सोलापूर यावं असा माझा हट्ट नाही. पण भाषणाला जोडपत्र लावता येतं. मागच्या अभिभाषणात सांगितलेली प्रत्येक गोष्ट, तिची ठरलेली मुदत, आणि आजची स्थिती जिल्हावार. ही माहिती सरकारकडं नाही, असं कुणी म्हणू नये. मागे राहिलेल्या, 'आकांक्षित' म्हटलेल्या जिल्ह्यांचा कार्यक्रम २०१८ मध्ये सुरू झाला, त्यात आपला शेजारचा धाराशिव आहे; त्या जिल्ह्याची शाळा, आरोग्य, शेतीतली प्रगती महिन्यागणिक मोजली जाते. जल जीवनचे आकडे गावागणिक संगणकावर दिसतात. मोजमाप आहे, फक्त ते संसदेच्या पटलावर वर्षातून एकदा, न झालेल्या कामांसकट ठेवायचं धैर्य हवं. एकच मोजमाप खरोखर नाही, ते जनगणनेचं. सोलापूर शहराची अधिकृत लोकसंख्या आजही २०११ चीच आहे, साडेनऊ लाख. त्यानंतर जन्मलेली पोरं सातवी-आठवीत गेली.

दुसरं म्हणजे, पाण्याचं दिल्लीला काय विचारता, गावातल्या सभागृहाला विचारा. विचारलं असतं. पण मार्च २०२२ पासून या महिन्यापर्यंत, जवळजवळ चार वर्षं, आमच्या शहराला नगरसेवकच नव्हते. मुदत संपण्याआधी निवडणूक घ्यायची, असं संविधानाचा अनुच्छेद २४३-प सांगतो. आरक्षणाचे खटले न्यायालयात होते, कारणं होती, आणि मत द्यायला बोट मात्र आत्ता १५ जानेवारीला पुढं करता आलं. ही देखील देशाच्या लोकशाहीची मागील बाकीच होती. एका अभिभाषणात तिचं नाव निघायला हवं होतं, कारण हे एकट्या सोलापूरचं नव्हतं, मुंबई-पुण्यासकट राज्यातल्या शहरांचं होतं.

तिसरं म्हणणं मला सगळ्यात जास्त लागतं. राष्ट्रपतींच्या पदाला वादात ओढू नका, म्हणतात. अहो, आदर आहे म्हणूनच तर बोलतोय. त्या पदाच्या तोंडून अर्धं पान वाचून घेणं हा त्या पदाचा मान नाही. कच्च्या घरातून आणि सरकारी कारकुनीतून तिथवर पोचलेल्या बाईंना राहिलेल्या कामांची यादी वाचायला द्या. त्यांच्या आवाजात ती ऐकली तर सभागृह बाकं वाजवायचं विसरेल.

संसदेकडं यासाठी एक जुनं हत्यार आहे. अभिभाषणानंतर आभाराचा प्रस्ताव येतो आणि खासदारांना त्याला दुरुस्त्या सुचवता येतात. त्यांची भाषा मोठी नम्र असते. आभार मानतो, 'परंतु अभिभाषणात अमुक गोष्टीचा उल्लेख नाही, याचा खेद वाटतो.' राज्यसभेत पाच वेळा अशी दुरुस्ती मंजूर झालीय: १९८०, १९८९, २००१, २०१५ आणि २०१६. २०१५ मध्ये काळा पैसा आणि भ्रष्टाचार यांबद्दल सीताराम येचुरींनी आणलेली दुरुस्ती सरकारच्या विरोधाला न जुमानता मंजूर झाली होती. सरकार पडलं नाही, आकाश कोसळलं नाही. नोंद झाली, एवढंच. बाकीच्या शेकडो दुरुस्त्या आवाजी मतदानात एका फटक्यात फेटाळल्या जातात, आणि चर्चेचे तास नेहरूंनी काय केलं आणि कुणाच्या आजोबांनी काय केलं यात निघून जातात. यात विरोधी पक्षांचा दोष मी कमी धरत नाही. घोषणा देऊन बाहेर पडणं सोपं, आपल्या मतदारसंघाची दोन पानं वाचून खेदाचं एक नेमकं वाक्य लिहिणं कष्टाचं.

तेव्हा या वेळी ते वाक्य मीच लिहून देतोय. आमच्या खासदारांच्या नावे पत्र तयार आहे, अभिभाषण संपलं त्या संध्याकाळी टपालात टाकणार आहे. अक्कांनी त्यावर अंगठा उठवलाय, कुंभारीला घर मिळालेल्या आमच्या माणसानं सही केलीय, शेठनीही केलीय. भाषणात याचा उल्लेख झालाच तर पत्र फाडून टाकीन आणि आभाराचं दुसरं पाठवीन. मजकूर एवढाच आहे:

'...परंतु ९ जून २०१४ च्या अभिभाषणात प्रत्येक कुटुंबाला नळासह पक्कं घर देण्याचं जे वचन २०२२ पर्यंतचं होतं, त्यातलं किती पूर्ण झालं आणि किती राहिलं. सोलापूर शहरात नळाला रोज पाणी कोणत्या वर्षापासून येईल. आणि विडी कामगारांच्या कल्याण निधीचा उपकर गेल्यानंतर त्यांच्या दवाखान्याची आणि मुलांच्या शिष्यवृत्तीची सोय आता कुठून होते, यांचा अभिभाषणात उल्लेख नाही, याचा खेद वाटतो.'